लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड की गावठी? वैशाखात टिकणारं कुत्रं

आर्वी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सात एकर वावर, कपाशी आणि तूर. घरातला राजा नावाचा गावठी कुत्रा तेरा वर्षांचा होऊन दिवाळीच्या सुमारास गेला. घर सुनं झालंय. मुलाला लॅब्राडोर पाहिजे, धाकट्या भावाला जर्मन शेफर्ड, आणि आई म्हणते गावातलंच पिल्लू आणा. 'मॅडम, तुम्ही इतकी वर्षं कुत्री पाहता. तुमची आवडती जात कोणती, आणि आमच्याकडे कोणतं टिकेल?'

आधी राजाबद्दल. गावातली कितीतरी पिल्लं पहिला पावसाळाही पाहत नाहीत. तिथे तुमचा कुत्रा तेरा वर्षं जगला. त्याला कुणीतरी रोज पाहत होतं, जखम झाली की धुवत होतं, थंडीत आत घेत होतं. तुमच्या घराला कुत्रं सांभाळता येतं, त्यामुळे पुढचं सगळं मी मोकळेपणाने लिहिते.

मी वर्धा जिल्ह्याच्या या पट्ट्यात सव्वीस वर्षं जनावरांची डॉक्टर आहे. कामाचा मोठा भाग गाई, बैल आणि शेळ्यांचा. गवळाऊ गाय याच भागातली, तिच्यावर माझा जीव आहेच. पण दवाखान्याच्या ओट्यावर कुणी कुत्रं मांडीवर घेऊन बसलेलं दिसलं की माझा पाय आधी तिकडे वळतो. बैल आजारी पडला तर शेतकऱ्याला हिशेब करावाच लागतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. कुत्र्यासाठी आलेला माणूस मात्र नुसत्या जिवापोटी आलेला असतो.

आवडती जात विचारलीत, तर माझं उत्तर गावठी. आखूड केसांचं, लांब नाकाडाचं, उभ्या कानांचं, कंबरेत बारीक आणि शेपूट पाठीवर वळलेलं. त्याला जात म्हणून कागद नाही. पण या हवेने, या मातीने आणि आपल्या उष्ट्या भाकरीने कित्येक पिढ्या निवडून काढलेलं ते जनावर आहे. जे उन्हात टिकलं नाही त्याची पिल्लं मागे राहिली नाहीत, जे टिकलं त्याची राहिली. माणसाने रूपासाठी आपल्याआपल्यात लावून बिघडवलं नाही, म्हणून मोठ्या जातींमध्ये दिसणारे खुब्याचे, श्वासाचे, कातडीच्या घड्यांचे उपजत दोष त्याच्यात फार कमी.

एका जागलीच्या रात्रीची गोष्ट सांगते. हरभरा घाट्यावर आला होता. कारंजाकडच्या एका खेड्यातून पहाटे चारला एक म्हातारबा बंडी घेऊन माझ्या दारात आले. बंडीत कुटार अंथरलेलं, त्यावर चुंगड्यात, म्हणजे पोत्यात, गुंडाळलेला त्यांचा भुरा कुत्रा. रानडुकराने पोटाखालून मांडीपर्यंत फाडला होता. म्हातारबांच्या स्वतःच्या मनगटावरूनही रक्त वाहत होतं, ते त्यांनी दुपट्ट्याने बांधलेलं. मी हात पुढे केला तर म्हणाले, 'याले आधी पाहा मॅडम, माह्या हाताचं मंग पाहू. हा मधात आला नसता तं मी आलोच नसतो.' दीड तास टाके घातले. कुत्रा भुलीतून जागा होत होता तेव्हा डोळे उघडायच्या आधी त्याचं नाक हललं, आणि म्हातारबांचा हात सापडल्यावरच मान खाली टेकली. बारा दिवसांनी टाके काढायला दोघं पायी आले.

आता ऊन. कुत्रं निवडताना आपल्याकडे पहिला विचार याचाच व्हायला पाहिजे, आणि सर्वांत शेवटी होतो. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरी या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गादीला थोडा येतो, बस्स. बाकी उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकून, जिभेवरून आणि नाकातून वाफ काढून. हवाच तापलेली असेल आणि छप्पर टिनाचं असेल तर ती धापसुद्धा पुरत नाही.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी अडीचला एक कुटुंब काळा लॅब्राडोर घेऊन आलं. वय चार, वजन 42 किलो, म्हणजे असायला पाहिजे त्याच्यापेक्षा आठ-दहा किलो जास्त. टिनाच्या पडवीत कूलरसमोर बांधला होता आणि दीड तास लाइट गेली होती. हिरड्या विटेसारख्या लाल, तोंडातून तार धरलेली लाळ. थर्मामीटर 108 दाखवत होता. पोटावर, जांघेत, पंजांवर पाणी ओतलं, पंखा लावला, सलाइन दिलं. पारा 103 वर आल्यावर थांबलो, कारण त्याखाली अंग झपाट्याने गार पडत जातं. संध्याकाळी त्याने मान उचलली, शेपूट एकदा आपटली. रात्री रक्ताची संडास सुरू झाली आणि पहाटेच्या आत तो गेला. आतडी, मूत्रपिंड, रक्ताची गोठण, सगळं त्या दीड तासात भाजून निघालं होतं. घरातली बाई मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, 'पाणी ठेवलं होतं मॅडम, पाणी भरून ठेवलं होतं.' तिची माया खोटी नव्हती. कुत्र्याला उन्हात काय होतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी इथे सविस्तर सांगते आहे.

हेच दुपारी गावठी कुत्रं काय करतं ते तुम्ही राजाचं पाहिलं असेल. रांजणाखाली पाणी झिरपून ओली झालेली माती उकरायची, पोट बसेल एवढा खड्डा करायचा, चारही पाय पसरून त्यात पोट टेकवायचं आणि ऊन उतरेपर्यंत हलायचं नाही. पोटावर केस विरळ असतात, तिथून उष्णता मातीत जाते. कोणतंही कुत्रं आणलंत तरी त्याला ही जागा द्या: कडुनिंबाखाली किंवा कुडाच्या सावलीत, सिमेंट नाही, माती. दिवसातून दोनदा तिथे बादलीभर पाणी शिंपडा. घमेल्यात पाणी ठेवा, ते दुपारी बदला. एप्रिल ते जून फिरवणं सकाळी सातच्या आत. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवून पाहा, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्याही पंजाला चटका बसणार. धाप थांबत नाही, चाल झोकांड्या खाते, असं दिसलं तर आधी जागेवरच पाणी ओतायचं आणि वारा घालायचा, गाडी नंतर काढायची. ओलं चुंगडं अंगावर पांघरून ठेवू नका, वाफ आत कोंडते.

मुलाला लॅब्राडोर का हवा ते मला कळतं. लेकरांशी त्याच्याइतकं सहनशील कुत्रं मी क्वचित पाहिलं. कान ओढला तरी तोंड फिरवून घेतो. पण त्याचं मूळ कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या बर्फाळ किनाऱ्यावर, पुढे तो इंग्लंडमध्ये घडला. गार पाण्यात पोहून पक्षी आणून देण्यासाठी त्याला दुहेरी केस आले, वर जाड आणि आत मऊ. त्याची भूक कधी भागत नाही, आपल्याकडे त्याला पोळ्या घालून घालून फुगवतात, मग खुबे आणि टोंगळे जातात. तुमच्याकडे पक्क्या भिंतीची, हवा खेळणारी खोली असेल, वजन तीस किलोच्या आसपास राखायची शिस्त असेल, तर आणा. पण त्याच्याकडून रखवालीची अपेक्षा करू नका. माझ्या ओळखीचा एक लॅब्राडोर चोराच्या पुढे शेपूट हलवत विहिरीपर्यंत गेला होता.

जर्मन शेफर्ड बुद्धीने सगळ्यांच्या पुढे. 1899 मध्ये माक्स फॉन श्टेफानित्स यांनी मेंढपाळांच्या कुत्र्यांमधून ही जात बांधायला सुरुवात केली, ती कामासाठीच. त्याला रोज काम आणि रोज एकच मालक लागतो. साखळीला बांधून ठेवलेला शेफर्ड वर्षभरात चिडका होतो, आणि मग लोक जातीला नावं ठेवतात. आपल्याकडे त्याची आणखी एक अडचण म्हणजे गोचिडाचा ताप. एर्लिकिया नावाचा जंतू गोचिडातून रक्तात जातो. ताप, भूक जाणं, नाकातून रक्त. गावठी कुत्रा त्यातून बरेचदा उठतो, शेफर्डला तो फार जोरात धरतो. वेळेत आणलात तर साध्या डॉक्सिसायक्लिनने बरा होतो, पण अख्खा महिना गोळ्या द्याव्या लागतात. आठव्या दिवशी जेवायला लागला म्हणून थांबवू नका.

हस्कीचे व्हिडिओ पाहून मुलाचं मन त्याच्यावर गेलं तर मात्र तुम्ही ठाम नाही म्हणा. सैबेरियात बर्फावर गाडी ओढणाऱ्या जनावराला विदर्भात आणणं मला पाहवत नाही. सेंट बर्नार्डचंही तेच. पगचं नाक चपटं, त्याला धापच नीट टाकता येत नाही, म्हणून तो एवढासा असूनही उन्हात मोठ्या कुत्र्यांच्या आधी कोसळतो.

ज्याला आपण पामेरियन म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. कित्येक पिढ्या इथे राहून तो बऱ्यापैकी रुळला आहे. दिवसभर घरात एकटी असणारी आजी असेल तर तिला मी हाच सांगते. दारात पाय वाजला की कळवतो, थोडं खातो, पायाशी झोपतो. दात मात्र लवकर किडतात आणि उतारवयात खोकला लागला तर हृदय तपासून घ्यावं.

देशी जातींत मुधोळ हाउंड देखणा आहे. कर्नाटकातल्या बागलकोट भागातला, भारतीय लष्करानेही प्रशिक्षणासाठी घेतलेला. 2005 मध्ये टपाल खात्याने काढलेल्या कुत्र्यांच्या तिकिटांवर राजपालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग यांच्यासोबत तोही होता. लातूरकडे त्याच घडणीच्या कुत्र्यांना कारवानी म्हणतात. आखूड केस, सडसडीत अंग, ऊन चांगलं सोसतो. पण तो नजरेने शिकार करणारा आहे. समोर काही पळालं की मागे लागणार, मग तो ससा असो की शेजाऱ्याची बकरी. त्याला रोज मोकळं धावायला कुंपण घातलेली जागा पाहिजे. आणि कुणी 'सशामागे सोडू' म्हणून तो घ्यायला सांगत असेल तर ऐकू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि डुकरामागे सोडलेली कुत्री माझ्या टेबलावर कोणत्या अवस्थेत येतात ते मी वर सांगितलंच.

तुमच्याकडे कोणतं टिकेल? आई बरोबर आहे. गावठी पिल्लू आणा, आणि शक्य झालं तर मादी आणा. मादी घराजवळ राहते, भटकत नाही, मारामाऱ्या करत नाही, आणि माझ्या अनुभवात रात्रीच्या आवाजाला नरापेक्षा आधी उठते. लोक मादी नको म्हणतात ती पिल्लांच्या धास्तीने. त्यावर उपाय आहे, नसबंदी. सहा महिन्यांच्या पुढे करून घ्या. नाहीतर भाद्रपद आला की दारात दहा कुत्रे, 63 दिवसांनी कार्तिकाच्या थंडीत सहा-सात पिल्लं, आणि त्यातली किती जगतात ते आपण दरवर्षी रस्त्यावर पाहतो. नसबंदी न केलेल्या म्हाताऱ्या मादीच्या गर्भाशयात पू होतो, तो जिवावर बेततो. नर असेल तर मोकाट फिरण्यातून लिंगावर रक्त गळणारी गाठ येते. ती औषधाने बरी होते, दर आठवड्याला एक इंजेक्शन असं चार-सहा आठवडे. लोक मात्र ती पाहून कुत्र्याला गावाबाहेर हाकलतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता माझी कळकळीची गोष्ट. 'गावठीले काई होत नाही' हे वाक्य मी सव्वीस वर्षं ऐकते आहे, आणि त्या वाक्याने जेवढी पिल्लं मेली तेवढी उन्हानेही मेली नसतील. पार्व्होला जात कळत नाही. दोन महिन्यांचं पिल्लू सकाळी खेळतं, दुपारी ओकतं, रात्री रक्ताची दुर्गंधी संडास करतं आणि तिसऱ्या दिवशी जातं. हा विषाणू अंगणाच्या मातीत कित्येक महिने जिवंत राहतो. आधीचं पिल्लू त्याने गेलं असेल तर त्याच जागी नवीन आणू नका. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एका सुईवर भागत नाही, कारण आईच्या दुधातून आलेलं संरक्षण सुरुवातीच्या लसीला आड येतं. जंताचं औषध पंधरा-वीस दिवसांचं झालं की सुरू, तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे दर तीन महिन्यांनी.

रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, महिन्याने पुन्हा एक, मग दरवर्षी. एका घरात पाच महिन्यांचं लाडकं पिल्लू चार दिवस खात नव्हतं. घशात हाड अडकलं समजून घरातल्या सहा जणांनी आळीपाळीने त्याच्या तोंडात हात घातला. हाड नव्हतं. सहाही जणांना लशीचा पूर्ण कोर्स आणि हाताला खरचटलेल्यांना जखमेत सिरम द्यावं लागलं. ती माणसं वाचली, कारण त्याच दिवशी दवाखान्यात गेली. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. चावा असो की नुसतं खरचटणं, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. चुना, मिरची, हळद काहीही भरू नका, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. खाणं गिळता येत नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका, कितीही लाडका असला तरी.

तुमचं वावर बोर व्याघ्र प्रकल्पापासून फार लांब नसावं. डिस्टेंपर नावाचा कुत्र्याचा आजार जंगलातल्या जनावरांनाही होतो. 2018 मध्ये गीरमधले सिंह त्याने मेले. पिल्लाच्या पहिल्या एकत्रित लशीत त्याचीही लस असते, म्हणजे तुमच्या कुत्र्याची एक सुई जंगलालाही उपयोगी पडते. त्याच जंगलामुळे आणखी एक: कुत्र्याला रात्री वावरात एकटं साखळीला बांधून येऊ नका. बिबट्यासाठी ते आयतं ताट आहे. जागलीला तुम्ही असाल तर तो मोकळा तुमच्याजवळ, तुम्ही नसाल तर तोही घरी.

गोचिडासाठी लोक रॉकेल लावतात, लूत लागली की जळकं ऑइल चोपडतात. कुत्रं अंग चाटतं, ते सगळं पोटात जातं. बैलांच्या गोचिडाचं औषध अंदाजाने ओतणंही तितकंच वाईट, मात्रा चुकली की झटके येतात. कुत्र्याची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध वेगळं मिळतं, वजन सांगून घ्या. आणि भिंतीच्या फटी लिंपून काढा, गोचीड अंडी तिथे घालते. फवारणीच्या दिवसांत कुत्र्याला वावरात नेऊ नका. पंप धुतलेलं पाणी बांधावर साचतं, तेच ते पितं. लाळ, थरथर, बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर औषधाचा डबा सोबत घेऊनच या, त्यावरचं नाव वाचून मला लगेच ॲट्रोपीन देता येतं.

खाण्याचं फार अवघड नाही. ज्वारीची भाकरी आणि ताक यावर पोट भरतं, अंग भरत नाही. रोज एक उकडलेलं अंडं, किंवा कोंबडीच्या दुकानातून आणलेलं काळीज-पोटा बिनमिठाचं शिजवून, किंवा भिजवून शिजवलेली सोयाबीनची वडी द्या. तर्रीचा रस्सा, कांदा, चॉकलेट आणि शिजवलेलं हाड देऊ नका. शिजलेलं हाड आतड्यात सुईसारखं फुटतं.

माझ्या घरी काळी होती, बाजार ओळीतून उचललेली, चौदा वर्षं. शेवटच्या वर्षी तिला दिसत नव्हतं, पण माझ्या स्कूटरचा आवाज कोपऱ्यावरून ओळखून ती फाटकापर्यंत भिंतीला अंग घासत यायची. भिंतीवर तिच्या अंगाची तेलकट काळपट रेघ उमटली होती. घर दोनदा रंगवलं, तेवढी भिंत मी रंगवू दिली नाही.

तर पिल्लू बघायला जाल तेव्हा ते आठ आठवड्यांचं झालं आहे ना, ते विचारा. त्याआधी आईपासून तोडू नका. विकत घेत असाल तर आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांनी मनाईच आहे. आईला पाहा, ती शांत असेल तर पिल्लंही बहुधा तशीच निघतात. सगळ्यांत अंगावर येणारं घेऊ नका, कोपऱ्यात दडलेलंही नको. टाळी वाजवल्यावर दचकून पुन्हा तुमच्याकडे येतं ते घ्या. मुलाला सोबत न्या. घरातला एखादा जुना दुपट्टा घेऊन जा, पिल्लाच्या आईच्या अंगावरून नीट फिरवून आणा, आणि पहिल्या दोन-तीन रात्री पिल्लाला त्याच्यावरच झोपवा. रात्री रडलं तर उचलून घेण्याऐवजी मुलाची खाट त्याच्या शेजारी लावा.